३४ हजारांचा देश युरोव्हिजनला कशासाठी जातो?

प्रश्न असा आहे: इटलीने चहूबाजूंनी वेढलेल्या सान मारिनोची लोकसंख्या जेमतेम ३४ हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. या देशाने युरोव्हिजनसारख्या, युरोपभरातून गाणी येतात अशा दर वर्षीच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत उतरायचंच कशाला? गायक बहुतेकदा बाहेरचे, गाणी बाहेरच्यांची, आणि बऱ्याचदा उपांत्य फेरीतच गाशा गुंडाळावा लागतो. मग त्यात त्या देशाचं काय उरतं? आणि उद्या चुकून जिंकलेच, तर पुढच्या वर्षी स्पर्धा भरवणार कुठे?

मी गाण्याच्या टीव्ही स्पर्धांमध्ये आधी संगीत संयोजक म्हणून आणि नंतर ध्वनिविभागात बरीच वर्षं काढली आहेत. युरोव्हिजन मी घरी बसूनच पाहतो, पण नजर धंद्याची असते. कोरस खरा आहे की ट्रॅकवरचा, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला, कॅमेरा नेमक्या कुठल्या ओळीला गायकाच्या तोंडावरून हलवला, या तीन मिनिटांवर पैसा कोणी लावला असेल, असलेच प्रश्न डोक्यात येतात. त्याच नजरेने उत्तर देतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. युरोव्हिजन ही देशांची स्पर्धा वाटते, झेंडे नाचतात म्हणून. प्रत्यक्षात ती टीव्ही वाहिन्यांची स्पर्धा आहे. १९५० साली युरोपातल्या सार्वजनिक प्रसारकांनी मिळून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे ईबीयू, स्थापन केली. सीमा ओलांडून एकाच वेळी थेट प्रक्षेपण जमतं का, हे आजमावायला त्यांनी जे उद्योग केले त्यातला हा एक. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला पहिली स्पर्धा झाली तेव्हा ७ देश होते. तेव्हापासून आजवर नियम तोच आहे: भाग घेतो तो ईबीयूचा सदस्य प्रसारक. सरकार संघ पाठवत नाही, ऑलिंपिकसारखी राष्ट्रीय समिती नसते. सान मारिनोच्या वतीने जातं ते 'सान मारिनो आरटीव्ही'. ही वाहिनी १९९१ साली स्थापन झाली आणि तिची निम्मी मालकी इटलीच्या 'राय'कडे आहे. म्हणजे स्पर्धेच्या रात्री इटलीची सार्वजनिक वाहिनी एकीकडे स्वतःच्या नावाने उभी असते आणि दुसरीकडे अर्ध्या भागीदारीतून स्वतःविरुद्धही.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. 'गायक बाहेरचा का?' हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपण मनात क्रिकेटचा संघ धरून चाललेलो असतो. ईबीयूच्या नियमात गायकाच्या नागरिकत्वाची अटच नाही. एका वर्षी एका गायकाने एकाच देशातर्फे गायचं, एवढंच बंधन. या सवलतीचा फायदा घेणारं सान मारिनो पहिलं नव्हे. लक्झेंबर्गने १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३ अशी पाच वेळा ही स्पर्धा जिंकली. त्या पाच गायकांपैकी लक्झेंबर्गचा एकही नाही: चार फ्रान्सचे आणि एक ग्रीक. मोनाकोला १९७१ चं एकमेव विजेतेपद मिळालं तेही फ्रेंच गायिकेच्या गळ्यातून. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलिन दिऑन कॅनडाची. तिथे कोणी भुवई उंचावत नाही. सान मारिनोच्या बाबतीत मात्र लगेच 'भाड्याचे गायक' म्हटलं जातं, कारण ते हरतात. जिंकणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता त्यांचा प्रवास पाहू. पहिली हजेरी २००८ साली, बेलग्रेडला. मिओदिओ नावाचा बँड, इटालियन भाषेतलं गाणं, उपांत्य फेरीत शेवटचा क्रमांक, एकूण ५ गुण. पुढची दोन वर्षं पैशाअभावी गेलेच नाहीत. २०११ ला परतले. त्याच वर्षी इटलीही चौदा वर्षांनी परतली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेजारचा मोठा भाऊ घरात नसताना धाकट्याने एकट्याने गेलेलं निभावतं, पण हरलं तर दखल घेणारंही कोणी नसतं.

माझ्या मते त्यांच्या कहाणीतला सगळ्यात वाचण्यासारखा भाग २०१२ ते २०१४ हा आहे. वालेंतीना मोनेत्ता ही सान मारिनोचीच गायिका. जॅझकडे कल असलेली, आवाजाला चांगली जात असलेली. तिच्यासाठी गाणी करणारा राल्फ झीगेल हा जर्मन संगीतकार. १९८२ साली जर्मनीने पहिल्यांदा युरोव्हिजन जिंकलं ते त्याच्याच गाण्यावर. या स्पर्धेचं वेड लागलेला माणूस. त्याला दर वर्षी एखादा देश हवा असायचा आणि सान मारिनोला अनुभवी संगीतकार. २०१२ ला त्याने वालेंतीनाला जे गाणं दिलं त्याच्या शीर्षकातच 'फेसबुक' होतं. स्पर्धेत जाहिरातीला बंदी असल्याने ईबीयूने ते नाव काढायला लावलं आणि गाणं 'सोशल नेटवर्क'चं झालं. कंपनीचं नाव गेलं, पण गाणं होतं तसंच राहिलं, आणि ते काही बरं नव्हतं. गायिकेच्या आवाजाला ज्यात काहीच करायला वाव नाही असं गाणं. ती उपांत्य फेरीत चौदावी आली.

असल्या निकालानंतर कुठलीही मोठी वाहिनी तो गायक बदलते. सान मारिनोने बदलला नाही. २०१३ ला तीच गायिका, तोच संगीतकार, पण या वेळी इटालियन भाषेतलं गाणं, हळू सुरू होऊन शेवटी नाचाच्या ठेक्यावर जाणारं. ४७ गुण मिळाले आणि ती अकरावी आली. अंतिम फेरीत जातात दहा. २०१४ ला पुन्हा तीच. कोपनहेगनच्या उपांत्य फेरीत बरोबर दहावी आली आणि सान मारिनो पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचलं. अंतिम फेरीत १४ गुणांसह चोविसावा क्रमांक. आकडा बघून हसू येईल, पण गायकाला एका मंचावर सलग तीन वर्षं उभं केलं की काय होतं ते या तीन चित्रफिती ओळीने पाहिल्या की कळतं. पहिल्या वर्षी ती कॅमेरा शोधते आहे. तिसऱ्या वर्षी कॅमेरा तिच्याकडे येतो आणि ती ते गृहीत धरून गाते. स्पर्धांमधल्या नवख्या पोरांना हे शिकवायला आमचा जीव जातो, आणि शिकून होईस्तोवर ती स्पर्धेतून बाद झालेली असतात.

२०१७ ला तिला चौथ्यांदा पाठवलं, सोबत जिमी विल्सन हा अमेरिकन गायक, गाणं पुन्हा झीगेलचं. एकच गुण मिळाला आणि क्रमांक शेवटचा. त्यानंतर स्थानिक चेहरा जवळजवळ दिसेनासाच झाला.

मधल्या काळात आणखी एक पात्र आलं: सेरहात. इस्तंबूलचा, शिक्षणाने दंतवैद्य, पेशाने टीव्ही निवेदक. २०१६ ला तो उपांत्य फेरीत बारावा आला. २०१९ ला तेल अवीवमध्ये अंतिम फेरीत ७७ गुण घेऊन एकोणिसावा आला, आणि ती सान मारिनोची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. गायक म्हणून त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण मिळणार नाहीत. आवाजाचा पल्ला लहान, अर्धं गाणं बोलल्यासारखं. ज्युरींनीही, म्हणजे देशोदेशीच्या परीक्षक मंडळांनीही, त्याला फारसं जवळ केलं नाही, बहुतेक गुण प्रेक्षकांचे. पण त्या माणसाला आपली मर्यादा पक्की ठाऊक होती. गाणं त्याच्या पट्टीत, ठेका सोपा, दुसऱ्यांदा कानावर पडताच ओळ तोंडात बसेल अशी, आणि चेहऱ्यावर 'मी इथे मजा करायला आलोय' हा भाव. रिअॅलिटी शोमध्ये मी असे स्पर्धक पाहिले आहेत. परीक्षक मान हलवतात आणि महाअंतिम फेरीत हेच बसलेले असतात.

२०२१ ला रॉटरडॅमला सेनहित ही बोलोन्यात जन्मलेली, एरिट्रियन आईवडिलांची गायिका गेली, आणि तिच्यासोबत चक्क अमेरिकन रॅपर फ्लो रायडा. स्पर्धेआधी सट्टेबाजांपासून चाहत्यांपर्यंत सगळे त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा धरून होते. अंतिम फेरीत बाविसावे, ५० गुण. प्रसिद्ध पाहुणा आणला की चर्चा होते. गुण वेगळ्या खात्यात जमा होतात.

२०२२ पासून त्यांनी खुली निवड स्पर्धा सुरू केली, आणि इथे इटलीचा संबंध पूर्ण उघड झाला. फेब्रुवारीत इटलीत सानरेमोचा गाण्यांचा महोत्सव असतो. इटलीचा युरोव्हिजनचा गायक बहुधा तिथूनच निघतो. सान मारिनोची निवड त्याच्या नंतर काही आठवड्यांत. म्हणजे सानरेमोचं दार बंद झालेल्याला शेजारचं दार उघडं. अकीले लाउरो हा इटलीतला बडा कलाकार २०२२ ला सानरेमोत चौदावा आला आणि लगेच सान मारिनोची निवड जिंकून तूरिनला गेला. तिथे मात्र उपांत्य फेरीतच थांबला. २०२४ ला स्पेनचा मेगारा हा रॉक बँड. २०२५ ला गाब्री पोंते, म्हणजे इफेल ६५ या गटातून नव्वदच्या दशकाच्या शेवटी जगभर पोहोचलेला इटालियन डीजे. त्याच्या गाण्याचं नावच 'तुत्ता लितालिया', सगळी इटली. ते आधी सानरेमोच्या प्रक्षेपणात जिंगल म्हणून वाजलं होतं. सान मारिनोच्या झेंड्याखाली इटलीचं कौतुक, आणि ते बासेलच्या अंतिम फेरीत पोहोचलंसुद्धा. तिथे २६ पैकी सव्विसावं.

आता पैशाचं. प्रत्येक प्रसारक ईबीयूला सहभाग शुल्क देतो आणि ते वाहिनीच्या ऐपतीनुसार कमीजास्त असतं. पण शुल्क हा खर्चाचा एक तुकडा. गायक, नर्तक, तंत्रज्ञ यांचा दोन आठवड्यांचा मुक्काम, कपडे, मंचावरच्या वस्तू, आतषबाजी, पडद्यावर दिसणारी दृश्यं, गाण्याचा व्हिडिओ, आधीच्या प्रचारफेऱ्या हे सगळं त्या त्या शिष्टमंडळाचं. २०२३ च्या स्पर्धेतून मॉन्टेनेग्रो आणि उत्तर मॅसिडोनिया यांनी खर्च परवडत नाही म्हणूनच माघार घेतली होती, आणि ते देश सान मारिनोपेक्षा कितीतरी मोठे. तरीही सान मारिनो टिकून आहे, कारण तिथे हिशेब उलटा आहे. आपल्याकडे जत्रेला गाव वर्गणी काढतं आणि फडाला सुपारी देऊन आणतं. इथे फडच आपला खर्च आणि आपली माणसं घेऊन येतो, गावाने फक्त जत्रेतली जागा द्यायची. नाव असलेला कलाकार, त्याची रेकॉर्ड कंपनी, त्याचा दिग्दर्शक हे सगळं त्याच्याबरोबर येतं. वाहिनीकडे असते ती एकच मौल्यवान चीज: १६ कोटींहून अधिक लोक पाहतात त्या कार्यक्रमात शिरण्याचा हक्क.

धंद्याच्या बाजूने आणखी एक सांगतो, कारण हे सहसा कोणी लिहीत नाही. गेल्या काही दशकांत नियम जसे बदलले त्याचा छोट्यांना फायदाच झाला. १९९८ पर्यंत खरा वाद्यवृंद असायचा. देश आपला संचालक घेऊन यायचा, आणि वाद्यवृंदासाठी गाण्याची नीट स्वरलिपी तयार करून द्यावी लागायची. १९९९ पासून सगळी वाद्यं ट्रॅकवर. गिटार हातात असते ती शोभेला. मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं आणि गाणं तीन मिनिटांच्या आत, हेही ठरलेलं. पण मुख्य गायकाने थेटच गायला हवं, आणि २०१९ पर्यंत कोरसही थेट असायचा. म्हणजे सहापैकी दोन-तीन जागा कोरसला जायच्या, आणि कोरसचे चांगले गायक स्वस्तात मिळत नाहीत. २०२१ पासून कोरस ट्रॅकवर ठेवायची मुभा मिळाली. करोनामुळे आलेला नियम, पण तो राहिला. मुख्य गायक सोडून उरलेल्या पाचही जागा नर्तकांना देता येतात आणि कोरस घरच्या स्टुडिओत सावकाश घासूनपुसून रेकॉर्ड करता येतो.

याची दुसरी बाजू अशी की मुख्य गायकाचा कच्चेपणा आता जास्त उघडा पडतो. मागचा कोरस सुरात, घट्ट, स्टुडिओत शिजलेला, आणि त्यासमोर एक माणूस धापा टाकत. दोन्हींतला फरक कानाला लगेच टोचतो. उड्या मारत गाणाऱ्याचा श्वास इन-इअरमध्ये, म्हणजे कानात घातलेल्या छोट्या स्पीकरमध्ये, त्याला स्वतःला ऐकू येत नाही, प्रेक्षकांना येतो. मोठ्या वाहिन्या यासाठी गायकाला महिनाभर आधी धावत गायची तालीम देतात, नाचाची रचना श्वासाच्या जागा धरून करतात. छोट्या शिष्टमंडळाकडे तेवढा वेळ नसतो. मंचावरची स्वतंत्र तालीम तर सगळ्यांनाच मोजून मिळते. तालीम झाली की शिष्टमंडळाला चित्रण दाखवतात आणि सूचना द्यायला सांगतात. त्या अर्ध्या तासात नेमकं काय मागायचं हे कळायला आधी चार-पाच वर्षं त्या खोलीत बसलेला माणूस लागतो. झीगेलची खरी किंमत तिथे होती, चालींमध्ये नव्हे.

आणि हे माहीत नसेल तर सांगतो: ज्युरी अंतिम फेरीच्या रात्री मत देतच नाहीत. आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीवर देतात. त्या संध्याकाळी घसा बसला तर दुसऱ्या दिवशी कितीही चांगलं गा, ज्युरींचे गुण लागून गेलेले असतात.

मतदानाच्या बाबतीत सान मारिनोची गोष्ट खरोखर विचित्र आहे. युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देश आपल्या सर्वांत आवडत्या गाण्याला १२ गुण देतो, आणि प्रत्येक देशाचं वजन सारखं. ८ कोटींवर लोकसंख्या असलेल्या जर्मनीचे १२ गुण आणि सान मारिनोचे १२ गुण यांत काडीचा फरक नाही. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०१६ पासून ज्युरींचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर होऊ लागले आणि अडचण उभी राहिली: ३४ हजारांतून फोन करणार किती? मतं ग्राह्य धरायला किमान संख्या लागते, ती भरत नाही. शिवाय टेलिफोनचं जाळं इटलीच्या जाळ्यात गुंतलेलं. त्याआधी त्यांचे सगळे गुण ज्युरीच द्यायचे. नव्या पद्धतीत ईबीयूने तोडगा काढला तो असा की आधी ठरवलेल्या काही इतर देशांच्या प्रेक्षकमतांवरून सान मारिनोचं 'जनमत' हिशेबाने तयार करायचं. म्हणजे पडद्यावर सान मारिनोच्या प्रेक्षकांचे म्हणून दिसणारे गुण तिथल्या एकाही माणसाने दिलेले नसायचे. त्यांच्या वाहिनीने यावर जाहीर नाराजीही व्यक्त केली होती.

त्यावर कडी झाली २०२२ ला. दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या ज्युरींच्या मतांमध्ये संशयास्पद साटंलोटं दिसलं म्हणून ईबीयूने त्यांची मतं रद्द केली: अझरबैजान, जॉर्जिया, मॉन्टेनेग्रो, पोलंड, रोमानिया आणि सान मारिनो. त्यांच्या जागी हिशेबाने काढलेले गुण लावले, अंतिम फेरीतसुद्धा. ज्या देशाचं जनमत आधीच उसनं, त्याची ज्युरीही त्या वर्षी उसनी झाली. छोट्या ठिकाणी ज्युरी बसवणं किती अवघड असतं याची मला चांगली कल्पना आहे. जिल्हा पातळीच्या स्पर्धेतसुद्धा परीक्षक, गुरू आणि स्पर्धकाचे काका एकाच गप्पांच्या अड्ड्यावरचे निघतात. पण हा बचाव नाही. त्या सहांमध्ये पोलंडसारखा जवळपास ४ कोटींचा देशही होता.

पुढच्या वर्षी उपांत्य फेरीतून ज्युरीच काढून टाकल्या, फक्त प्रेक्षकांची मतं ठेवली, आणि सान मारिनोतर्फे गेलेल्या पिक्ड जॅक्स या इटालियन बँडला भोपळा मिळाला. आपल्याकडे एसएमएसच्या जमान्यात एखाद्या तालुक्याचा मुलगा अंतिम फेरीत आला की गावात फ्लेक्स लागायचे, आमदार मतांचं आवाहन करायचे, पोरं रिचार्ज मारून मतं टाकायची. युरोपात हेच काम परदेशी स्थायिक झालेले लोक करतात. पोलंडला ब्रिटन-जर्मनीतल्या पोलिश लोकांची मतं मिळतात. सान मारिनोची परदेशात गेलेली माणसं किती असणार? शेजारी म्हणावा असा देश एकच. त्यामुळे अकीले लाउरो किंवा गाब्री पोंते यांना पाठवण्यात इटालियन प्रेक्षकांची मतं ओढायचा हिशेब असणारच, असं मला वाटतं. पोंतेच्या वेळी तो उपांत्य फेरीपुरता जमला.

माल्टाशी तुलना केली की सान मारिनोचा मार्ग जास्त स्पष्ट दिसतो. माल्टा साडेपाच लाखांचा. १९७१ आणि १९७२ ला माल्टीज भाषेत गाऊन दोन्ही वेळा शेवटचा. १९७५ नंतर गायबच. १९९१ ला परत आला आणि एकदम पहिल्या दहांत. कारण? त्या काळी आपापल्या देशाच्या अधिकृत भाषेतच गायची सक्ती होती. इंग्रजी गाऊ शकणारे देश तीनच: ब्रिटन, आयर्लंड आणि इंग्रजी अधिकृत असलेला माल्टा. १९९२ ला तिसरा क्रमांक. १९९८ ला कियारा ही गायिका शेवटच्या देशाची मतं येईपर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होती. शेवटच्या मॅसिडोनियाने माल्टाला एकही गुण दिला नाही. इस्रायल १७२, ब्रिटन १६६, माल्टा १६५. पुढच्याच वर्षी भाषेची सक्ती उठली. तरी २००२ आणि २००५ ला दुसरा क्रमांक मिळवून त्यांनी दाखवून दिलं की सगळं श्रेय इंग्रजीचं नव्हतं. माल्टाचे गायक घरचे असतात, राष्ट्रीय निवडीवर अख्खं बेट वाद घालतं. कनिष्ठ युरोव्हिजन ते दोनदा जिंकले, २०१३ आणि २०१५ ला. त्या दुसऱ्या वेळची मुलगी, डेस्टिनी, २०२१ ला मोठ्या स्पर्धेत सातवी आली. मुलं घडवायची, मग त्यांनाच पुढे पाठवायचं. यासाठी साडेपाच लाख पुरतात. ३४ हजार पुरतात का, याबद्दल मला शंका आहे. आणि गंमत म्हणजे २०१८ ला सान मारिनोने पाठवलेल्या दोघींपैकी एक माल्टाचीच होती.

उलट टोकाचं उदाहरण फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या चिमुकल्या आंदोराचं. २००४ ते २००९ सलग सहा वर्षं गेले, कातालान भाषा त्यांनी त्या मंचावर नेली, एकदाही अंतिम फेरी गाठली नाही, पैसे संपले आणि थांबले. २००७ ला अंतिम फेरी दोन जागांनी हुकली. आंदोराचा मार्ग जास्त मानाचा होता असं म्हणणारे बरेच आहेत. मीही काही अंशी त्यांच्यात आहे. फक्त आंदोराचं नाव आज त्या स्पर्धेत कोणी घेत नाही.

जिंकले तर? इथे घाबरण्यासारखं वाटतं तेवढं नाही. सान मारिनोत त्या आकाराचं बंदिस्त स्टेडियम नाही, विमानतळ शेजारच्या रिमिनीला, आणि रिमिनीहून येणारी रेल्वे १९४४ सालीच युद्धात बंद पडली. पण जिंकणाऱ्याने स्पर्धा भरवलीच पाहिजे असं नाही. मोनाकोने १९७१ ला जिंकून हात वर केले, १९७२ ची स्पर्धा बीबीसीने एडिंबराला घेतली. लक्झेंबर्गने १९७३ ला घरी भरवली, पुन्हा स्वतःच जिंकले, आणि १९७४ ची ब्रायटनला गेली. २०२३ ला युक्रेनच्या वतीने लिव्हरपूलने भरवली. आणि जागा लहान म्हणून अडतंच असंही नाही. १९९३ ला आयर्लंडने ही स्पर्धा मिलस्ट्रीट नावाच्या दीडेक हजार वस्तीच्या गावात, घोड्यांच्या प्रदर्शनाच्या मंडपात भरवली होती. सान मारिनो जिंकलं तर 'राय' मदतीला येईल आणि कॅमेरे बहुधा रिमिनी किंवा बोलोन्यात लागतील, असा माझा अंदाज. निम्मी मालकी काही फुकट नसते.

'त्यात त्या देशाचं काय उरतं' याचं माझं उत्तर असं: वाहिनीचं बरंच, गायकीचं फारच थोडं. पर्यटनावर जगणाऱ्या ६१ चौरस किलोमीटरच्या देशाचं नाव दर वर्षी मे महिन्यात कोट्यवधींच्या कानावर पडतं, तेही दुसऱ्याच्या खर्चाने, हा व्यवहार म्हणून चोख आहे. त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. पण २०१४ पर्यंत जे चाललं होतं, एका घरच्या गायिकेला वर्षानुवर्षं त्याच मंचावर तयार करणं, ते खर्चिक नव्हतं. त्याला फक्त चिकाटी लागत होती, आणि ती त्यांनी सोडली. खुल्या निवडीत दर वर्षी एक जागा स्थानिक गायकासाठी आणि दर तीन वर्षांनी त्यांच्यातलाच एक स्पर्धेला, एवढं जरी केलं तरी हिशेब बिघडणार नाही.

शेवटी, भारतातून मत देता येतं का असंही विचारलं आहे. येतं. २०२३ पासून सहभागी नसलेल्या देशांतल्या लोकांना ऑनलाइन, कार्डाने पैसे भरून मत देता येतं. अशा सगळ्या देशांची मतं एकत्र करून त्यांना एका देशाएवढं वजन मिळतं. पुण्यातून दिलेलं मत आणि ब्राझीलमधून दिलेलं मत एकाच पेटीत. बघायला सुरुवात करायची असेल तर वालेंतीना मोनेत्ताची २०१२, २०१३ आणि २०१४ ची सादरीकरणं त्याच क्रमाने पाहा, मग सेरहातचं २०१९ चं. हेडफोन लावून ऐका, आणि कोरस सुरू झाला की मुख्य गायकाचा माइक नेमका किती वर आहे याकडे लक्ष ठेवा.